वास आहे की नाही, तेवढं सांग

४ जानेवारी

ताई,

शी! पत्राची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं, पण दुसरा शब्द सुचत नाही. सकाळपासून शी शी करतोय. वास परत आलाय.

मागे आला होता तो जळका वास नव्हे. हा सडका आहे. फुलदाणीत आठवडाभर राहिलेलं पाणी असतं ना, तसा. चहात येतो, उशीत येतो, धुऊन आलेल्या चादरीत येतो. घास तोंडापाशी नेतो आणि परत ताटात ठेवतो. तोंडावर हात धरला तर जास्तच येतो, म्हणून हात घासून घासून सोलवटून घेतलेत. वहिनी हल्ली सारखी खिडक्या उघडत असते, थंडीत. कशाला उघडतेस विचारलं तर म्हणते, उगीच.

माझं काम तुला माहीत आहे. लॉन्ड्रीत धुऊन आलेल्या चादरी-टॉवेल घडी घालण्याआधी मी नाकाला लावतो. कुबट असेल, साबण राहिला असेल, तर परत. मालक सगळ्यांना सांगतात की मशीन चुकेल पण टिल्ल्याचं नाक चुकणार नाही. माझ्या डोक्याचं काय ते सोड, पण पोट मी नाकावर भरतो. आणि या आठवड्यात मी इतके गठ्ठे परत पाठवले की धुलाईची पोरं मला बघून नाकं मुरडतात. असंच चाललं तर मालक मला त्या टेबलावरून उठवतील.

तेव्हा आपला नियम. मला शंका आली की तुला विचारायचं. तू हो म्हणालीस तर ते आहे, नाही म्हणालीस तर नाही. भिंतीमागे बोलणारी बाई? नाही. पत्र्यावर नाचणारं मांजर? हो. एवढ्या वर्षांत या नियमानंच मला उभं ठेवलंय. तू तिकडे गेलीस आणि पंचाईत झाली, कारण फोनवर माझं जमत नाही, फोनमधला आवाज आणि माझे नेहमीचे आवाज यांचं भांडण लागतं. कागद बरा. तो एकदाच बोलतो आणि गप्प बसतो.

तिथून तुला वास येणार नाही हे मला कळतं, तेवढा वेडा मी नाही. पण तू सगळ्यांशी बोलतेस. विचार आणि खरं काय ते कळव. तोवर मी दुसऱ्या कुणाला विचारत नाही.

आणखी एक. आमच्या डॉक्टरांचा एक अभ्यास चाललाय. माझ्यासारख्या स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांचं रक्त दर महिन्याला घेतात आणि त्यातली सूज मोजतात. पाय सुजतो तशी दिसणारी सूज नव्हे. शरीर आतल्या आत कशाशी तरी झगडत असलं की रक्तात एक पदार्थ वाढतो म्हणे, तो. या वेळी माझा आकडा टुणकन उडी मारून वर गेला. डॉक्टर इतके खूश, जसा काही मी वर्गात पहिला आलो. वासाचं सांगितलं तर म्हणाले, "अच्छा! म्हणजे लक्षणंही वाढली!" आणि आणखी खूश झाले.

वास आहे की नाही, तेवढं सांग.

टिल्ल्या

१२ जानेवारी

प्रिय टिल्ल्या,

नाही. वास नाही.

मी डॉक्टरांशी बोलले, दादा-वहिनीशी बोलले, तुझ्या मालकांशीसुद्धा बोलले. सगळ्यांशी नीट बोलून झालंय, आता तू काळजी करू नकोस. कुणालाही विचार, हेच सांगतील.

किळस कशाला म्हणतात ते माझ्या दुकानात येऊन बघ. लोक डोळे तपासायला येतात, जुना चष्मा काढून माझ्या हातावर ठेवतात, आणि नाकावर टेकतात त्या पट्ट्यांखाली हिरवा मळ! वर्षानुवर्षांचा! मी हसतमुखानं पुसते आणि विचारते, आता स्पष्ट दिसतंय, की आधीचं बरं होतं? पोट कुणाला चुकलंय. तूही त्या वासाकडे दुर्लक्ष कर.

पण टिल्ल्या, त्या रक्ताच्या अभ्यासानं मला काय आनंद झाला म्हणून सांगू! डॉक्टरांनी माहिती पाठवली, ती मी पुन्हा पुन्हा वाचली. आई जाईपर्यंत स्वतःला दोष देत राहिली. कुणी म्हणालं लाड केले म्हणून झालं, कुणी म्हणालं बापानं मारलं म्हणून झालं. आणि आता बघ, रक्तात मोजता येतं! मोजता येतं म्हणजे ते खरं आहे, आणि खरं आहे म्हणजे आज ना उद्या औषध निघेल. गुडघ्याची सूज तशी ही. मी इकडे सगळ्यांना सांगितलं, माझ्या भावाला एक सूज आहे. किती बरं वाटलं हे वाक्य बोलताना!

आकडा वाढला म्हणून भास वाढला, असा साधा हिशेब आहे. डॉक्टर गोळी वाढवणार आहेत, कुरकुर न करता घे. आणि दात नीट घासत जा, दोन वेळा.

तुझी,
ताई

२५ जानेवारी

ताई,

बरं. नाही तर नाही.

गोळी वाढवली. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा. तोंडातून लाळ गळते, ती उशीवर पडते, सकाळी उशी चिकट. हात शिशाचे झालेत. परवा इस्त्री चादरीवर ठेवून तसाच उभा राहिलो आणि चादरीला भोक. आणि एवढं सगळं सोसून वास कमी झाला असेल? छे! वाढलाय. आता तर चवही आलीय त्याला. गिळलं की घशात उतरतो.

तू सांगितलंस म्हणून मी सगळ्यांना विचारलं. दादा, "नाही." वहिनी, "नाही हो भाऊजी." मालक, "छे छे, काही नाही." सगळे एका सुरात, शाळेत पाढे म्हणतात तसे. आणि म्हणून झालं की प्रत्येकाला लगेच कुठेतरी जायचं असतं. वहिनी हल्ली माझं ताट वाढून दुसऱ्या खोलीत जेवते.

मला वाटायला लागलंय की सगळे मिळून मला खोटं सांगतायत.

घाबरू नकोस. असं वाटलं की लपवायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं, हे तूच शिकवलंस. मी गेलो आणि प्रामाणिकपणे सांगितलं, डॉक्टर, मला वाटतं सगळे माझ्याशी खोटं बोलतात. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मग विचारलं, ताप? जखम? कुठे दुखतं? मी म्हटलं, उजवा जबडा ठणकतो, दाढेत कुणीतरी बसून हातोडा मारतंय असं वाटतं. त्यांनी तेही लिहून घेतलं. मी उलटं वाचू शकतो. लिहिलं होतं, 'दाढेत माणूस असल्याचा भास.' अहो, ही बोलायची पद्धत असते! सगळी दुनिया म्हणते डोक्यात घण पडतायत, त्यांना कुणी विचारत नाही की लोहार कुठे बसलाय. पण माझ्या तोंडून निघालं की ते लक्षण.

रक्त पुन्हा घेतलं. आकडा आणखी वर. म्हणतात, असंच राहिलं तर पुढच्या महिन्याअखेर दाखल करू.

मालकांनी मला टेबलावरून उठवलं. आता मी मळक्या चादरींच्या गाडीवर आहे. परक्या माणसांचं काय काय लागलेलं असतं ते तुला लिहून दाखवत नाही. त्यांनी नरमाईनं सांगितलं, "थोडे दिवस, टिल्ल्या, नाक ठीक होईपर्यंत." ताई, माझं नाक गेलं तर मी गेलो. तेवढं एकच माझ्याकडे इतरांपेक्षा चांगलं होतं.

एकदाच परत सांग. कुणी मला खोटं सांगतंय का? हो की नाही?

टिल्ल्या

३१ जानेवारी

टिल्ल्या,

नाही, नाही आणि नाही. कुणीही तुला खोटं सांगत नाही. माझी शपथ.

मागच्या वेळी अशीच सुरुवात झाली होती. तेव्हाही तू म्हणायचास सगळे सामील आहेत, आणि पुढे काय झालं ते आठव. ते पुन्हा नको रे. दाखल व्हायला सांगतील तर दाखल हो. मी रजा काढून येईन. ते वासाचं खूळ मात्र डोक्यातून काढ.

ताई

१० फेब्रुवारी

ताई,

आधी खाली बस, मग वाच.

लॉन्ड्रीत इस्त्रीला एक नवीन बाई आली. साठीची असेल, पहिल्या दिवसापासून सगळे तिला आत्याबाईच म्हणतात. काल मी मळक्या गठ्ठ्यांची गाडी घेऊन तिच्या टेबलाजवळून गेलो आणि म्हटलं, जरा बाजूला व्हा. ती एकदम मागे सरकली.

"शी शी शी! अरे मेल्या, तोंडात उंदीर मरून पडलाय का तुझ्या?"

सगळे वळून बघायला लागले. धुलाईची पोरंसुद्धा.

मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"वास मारतोय म्हणाले! नाक फुटलंय का तुझं?"

"कसला वास?"

"कसला म्हणजे? सडका!"

"फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यासारखा?"

"फुलदाणीबिलदाणी मला ठाऊक नाही. गटारासारखा! लांब उभा राहून बोल!"

ताई, मी तिथे गाडीला धरून रडलो. मी तिला पुन्हा पुन्हा विचारत होतो, खरंच येतो? नक्की येतो? आणि ती नाकाला रुमाल लावून शिव्या घालत होती, आणि तिची एकेक शिवी मला गोड लागत होती. शेवटी ती मालकांवर उखडली. "या माणसाला इतके दिवस कुणी सांगितलं नाही? तुम्हा सगळ्यांची नाकं गहाण पडली होती काय?" मालक छताकडे बघायला लागले.

तिनंच मला दंडाला धरून कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सबंध रस्ता वाऱ्याची दिशा बघून चालत होती. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला लावलं, आत बघितलं आणि तोंडावरच्या मास्कवर दुसरा मास्क चढवला. उजवीकडची शेवटची दाढ. वर बसवलेली जुनी धातूची टोपी शाबूत, तिच्याखाली सगळं सडून पू झालेला, पार हाडाला टेकलेला. त्यांनी ती काढली तेव्हा जे बाहेर आलं ते मी लिहिणार नव्हतो, पण लिहितो, तुम्हा मंडळींना कळायलाच हवं. पिवळट हिरवं, दोऱ्या दोऱ्यांसारखं, आणि तोच वास. तोच! खोलीभर! त्यांची मदतनीस तोंड दाबून बाहेर पळाली. खोलीत मी एकटाच असा होतो की ज्याला तो वास हवा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर केला असता तर हे विष अंगभर पसरलं असतं. म्हणाल्या, "घरात कुणाला वास आला नाही?"

घरी येऊन मी वहिनीला हेच विचारलं. ती मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. "मी ताईंना म्हटलं होतं हो, वास येतो खरा. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगितलंय भासाला दुजोरा द्यायचा नाही, विचारलं तर नाहीच म्हणायचं." ती माझ्या उशीचे अभ्रे चिमटीत धरून वेगळे धूत होती. दादा ऑफिसातून उशिरा येत होता, तो वास नको म्हणून. मालकांनी माझा पाण्याचा ग्लास वेगळा केला होता. सगळ्यांना येत होता. सगळे श्वास धरून मला सांगत होते की येत नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाकडे तक्रार करायची?

सगळे खोटं बोलतायत असं मला वाटलं, ते खरं होतं. आणि मी ते भाबडेपणानं डॉक्टरांना जाऊन सांगितलं, आणि त्याबद्दल मला जास्त गोळ्या दिल्या! मी तुला सरळ विचारलं आणि तू शपथ घेतलीस. तू दिवसभर परक्या माणसांना विचारतेस, आता स्पष्ट दिसतंय की आधीचं बरं होतं, आणि ते सांगतील त्यावर विश्वास ठेवून काच बसवतेस. त्यांचा हिरवा मळ चालतो तुला. माझ्या नाकावर मात्र विश्वास नाही.

मला तुमची किळस येते. दाढेची आली नाही इतकी येते.

नियम संपला. आता मी तुला काही विचारणार नाही.

२० फेब्रुवारी

टिल्ल्या,

तू मला समजून घे. डॉक्टरांच्या माहितीत स्वच्छ लिहिलं होतं की घरच्यांनी भासाला दुजोरा देऊ नये. वहिनीनं वास येतो म्हटलं तेव्हा मला वाटलं, तू दात घासत नसशील, आजारात तू तसं करतोसच. तो वास निराळा आणि तुझा भास निराळा असं मी धरलं. मी चांगल्यासाठीच केलं. तिथे असते तर मीच तुला घेऊन गेले असते.

तुझं दुखणं कसं आहे? जेवतोस का? उत्तर लिही.

ताई

६ मार्च

टिल्ल्या,

तुझं उत्तर नाही. दादा म्हणतो तू बरा आहेस, कामावर जातोस, माझं नाव काढलं की उठून जातोस.

मागचं पत्र मी पोस्टात टाकलं आणि घरी येऊन मलाच त्याची शिसारी आली. चांगल्यासाठी केलं म्हणे! नाकानं कांदे सोलणाऱ्या बाईसारखं लिहिलं मी. खरं असं आहे की मला तो आकडा हवा होता. भावाला वेड लागलंय, यापेक्षा भावाच्या रक्तात सूज आहे, हे वाक्य मला इतकं आवडलं की त्या सुजेला दुसरं काही कारण असेल हे मला ऐकायचंच नव्हतं. वहिनी फोनवर सांगत होती आणि मी तिला बोलू दिलं नाही.

माफ कर असं म्हणणार नाही. एक ओळ लिही, शिवी असली तरी चालेल.

ताई

१५ मार्च

ताई,

शिव्या देण्याचं काम आत्याबाईंकडे आहे, त्यांच्या पोटावर पाय आणत नाही.

रक्त परत तपासलं. आकडा धपकन खाली आला. डॉक्टर हिरमुसले, पण माणूस तितका वाईट नाही. म्हणाले, "तुमचे मागचे आकडे काढून टाकावे लागतील, कारण दाढ होती." मी म्हटलं, आणि बाकीच्यांची तोंडं उघडून बघितलीत? त्यांनी तेही लिहून घेतलं. पुढच्या वेळी गेलो तर टॉर्च घेऊन दारातच उभे. रक्त देण्याआधी प्रत्येकानं आ करायचा. मी बाकावर बसून बघत होतो. ताई, काय सांगू! एकेकाच्या तोंडात काय काय सडत पडलं होतं! एका म्हाताऱ्याच्या हिरडीत पू. एका पोरीच्या दातांची नुसती खुंटं. वर्षानुवर्षं त्यांच्या तोंडात कुणी डोकावलंच नव्हतं, बोलले तर ते आजाराचं बोलणं. डॉक्टरांचं तोंड असं झालं की आता ओकतात. मला बरं वाटलं, हे मान्य करतो.

पण काहींची तोंडं अगदी स्वच्छ होती आणि आकडा तरीही वर. म्हणजे अभ्यास खोटा नाही. डॉक्टर म्हणाले, काहीतरी आहे, पण आता जपून म्हणावं लागेल. म्हणा बापडे.

मी काही बरा झालेलो नाही, तसा समज करून घेऊ नकोस. दाढ गेली, भिंतीमागची बाई आहे तिथेच आहे. गोळी आधीइतकी केली, हात हलके झाले. मालकांनी मला परत टेबलावर बसवलं, माझ्या डोळ्याला डोळा न देता.

परवा मला पुन्हा जळका वास आला. मी आत्याबाईंना विचारलं, काही जळतंय का? त्यांनी हवेत नाक फिरवलं. "नाही रे मेल्या. काम कर." आणि मला पटलं. लगेच. वास येतच होता, तरी पटलं. दिवसभर मी विचार करत होतो की त्यांचं 'नाही' मला का पटलं आणि तुमच्या सगळ्यांचं का पटत नव्हतं. तर त्या 'हो' म्हणू शकतात. तोंडावर, सगळ्यांसमोर, नाकाला रुमाल लावून. जो माणूस कधी 'हो' म्हणणारच नाही, त्याच्या 'नाही'चं मी काय करू?

मला तुझं 'नाही' परत हवंय, ताई. आत्याबाई संध्याकाळी घरी जातात, आणि त्या माझ्या कुणी नाहीत. म्हणून एकच प्रश्न विचारतो. खूप वर्षांपासून विचारायचा होता, पण तू काय उत्तर देशील ते माहीत होतं म्हणून विचारला नाही.

तुला माझी किळस येते का? हो की नाही?

टिल्ल्या

१९ मार्च

टिल्ल्या,

हो.

येते. तुझी लाळ गळते तेव्हा येते. आंघोळ न करता तू माझ्या पलंगावर बसायचास तेव्हा यायची. तुझं ताट उचलून ठेवलं की मी कोपरापर्यंत हात धुवायचे, नळ मोठा सोडून, तुला ऐकू जाऊ नये म्हणून. आमचं इकडे यायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यांसमोर रडले, आणि सामान बांधताना मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पण तू विचारलंस आणि खरं उत्तर हो असं आहे.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय. दारातच मला तुझ्या तोंडाचा वास घेऊ दे. जो असेल तो सांगेन.

आता तू न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. तू मला नकोसा झाला आहेस का?

नाही.

ताई